कुपवाडच्या शेडमध्ये बर्फाचे बूट

पहाटे साडेपाच

सांगलीत डिसेंबरची थंडी म्हणजे फरशी अनवाणी पायाला बोचते, एवढीच. त्या फरशीवर ब्राऊन पेपर पसरून भाचीला उभी केली, टाच भिंतीला टेकवली आणि पेन्सिल उभी धरून पायाभोवती फिरवली.

"मामा, उजाडू तरी दे की."

"उजाडल्यावर पाय पसरतो. सकाळचं माप वेगळं, संध्याकाळचं वेगळं. दोन्ही पाहिजेत."

डावा २४६ मिलिमीटर, उजवा २४९. चवड्याची रुंदी ९९ आणि १०१. दोन पायांत असा फरक बहुतेकांना असतो. बूट घेताना मोठा पाय धरायचा. लहान पायाला आतून भर घालता येते, मोठ्या पायासाठी कवच ताणणं हा शेवटचा उपाय.

भाची साताऱ्याची. यवतेश्वरचा घाट पळत चढणारी. गुलमर्गला पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था आहे, तिथं ती स्की शिकून आली. तिथलं शिक्षण उताराचं: यांत्रिक सोयीनं वर जायचं, घसरत खाली यायचं. फेब्रुवारीत तिला टूरिंग करायचंय. म्हणजे स्कीच्या तळाला स्किनची पट्टी चिकटवायची, टाच मोकळी ठेवून स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा, माथ्यावर पट्टी सोलून काढायची, टाच घट्ट बांधायची आणि उतरायचं. एकाच बुटानं आणि तो स्कीला धरणाऱ्या एकाच बाइंडिंगनं ही दोन उलटी कामं करायची असतात, त्यामुळं निवड अवघड होते.

साताऱ्याच्या प्रियांका मोहितेनं १६ एप्रिल २०२१ रोजी अन्नपूर्णा सर केल्यापासून आमच्या ताईच्या घरात 'पोरगी बर्फात कशाला' हा प्रश्न कुणी काढत नाही. आता प्रश्न पैशाचा असतो. नवा संच घ्यायचा तर दीड लाखाच्या आसपास जातात, आणि एवढे पैसे घालून पाय सोलून घेणारे लोक मी औलीत पाहिलेत.

सव्वासात

पोहे खाताना कागद मध्येच. बायको म्हणाली, "ताटाखालचा कागद काढा आधी."

आपल्याकडच्या पायाची एक गोष्ट युरोपातल्या बूटवाल्यांच्या तक्त्यात येत नाही. लहानपणापासून चपलेत वाढलेला पाय बोटांपाशी मोकळा सुटलेला असतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूर, सोलापूरबरोबर सांगली आणि सातारा हे जिल्हेही आहेत. म्हणजे भाचीचं घर आणि आजोळ दोन्ही चपलेच्या मुलखात. चप्पल पायाप्रमाणं पसरते. स्कीचा बूट म्हणजे कडक प्लॅस्टिकचं कवच, ते पसरत नाही. त्याची आतली रुंदी चवड्यापाशी मोजतात. अरुंद बूट ९८ मिलिमीटरचा, रुंद १०२-१०३ चा. भाचीच्या १०१ ला अठ्ठ्याण्णवचा बूट दुकानात पाच मिनिटं चालेल. गुलमर्गला अफरवटच्या उतारावर तिसऱ्या तासाला करंगळी बधिर होईल.

साडेआठ

विश्रामबागेतून कुपवाडला जाताना उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागं अडकलो. हंगामात याला इलाज नाही. गाडीच्या मागच्या सीटवर बुटांचे दोन खोके. माझा पुतण्या म्युनिकला असतो. त्याचा मित्र लग्नासाठी आला, त्याच्या बॅगेतून ते आले. एक जोडी ठेवायची, दुसरी तो परत नेणार. वापरल्याची खूण दिसली तर दुकान परत घेणार नाही, म्हणून तळाला कागदी टेप लावून ठेवलाय.

शेड उघडली. पंपाचे शाफ्ट चालू आहेत, बेअरिंग बसते त्या जागी दोन शतांशाची सूट. मिस्त्रींनी पहिला जॉब लावला, मी मायक्रोमीटरनं बघितला, पुढं चालू द्या म्हटलं. दहापर्यंत भाचीला ऑफिसात बसवून चलनं लिहायला लावली. मामाच्या शेडवर आलं की काम करायचं, हा नियम तिच्या आईच्या वेळेपासूनचा.

दहा

पहिला चहा. सरफेस प्लेटवर फडकं टाकून दोन्ही जोड्या मांडल्या. मिस्त्रींनी एक बूट उचलला, उलटा केला, पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना असलेल्या पोलादी खळग्यात नख घातलं. "हे कडक केलेलं दिसतंय," म्हणाले. बरोबर आहे. टूरिंगच्या पिन बाइंडिंगची सगळी मदार त्या खळग्यांवर. चवड्यापाशी दोन, टाचेला एक पट्टी. बाइंडिंगच्या पिना त्यात बसतात. हे खळगे झिजले की पकड आणि सुटका दोन्हींचा भरवसा जातो, म्हणून वापरलेले बूट घेणाऱ्यानं आधी तिथं बघावं, बाहेरचे ओरखडे नंतर.

आता आतलं अस्तर काढून नुसतं कवच. याला पर्याय नाही. अस्तरासकट बूट घालून 'छान बसतोय' म्हणणं म्हणजे काहीच न तपासणं, कारण नवं अस्तर फुगीर असतं आणि काही दिवसांत दबतं. रिकाम्या कवचात पाय घालून बोटं पुढं टेकवायची आणि टाचेमागची जागा बघायची. दीड ते दोन सेंटिमीटर असावी. चढाईला बोटांना थोडी मोकळीक लागते. शर्यतीत उतरणारे सेंटिमीटरभरच ठेवतात, त्यांचं त्यांना लखलाभ.

बुटाचा नंबर पायाच्या लांबीतच असतो: २५ म्हणजे २५ सेंटिमीटर. मात्र अर्धा नंबर पुष्कळदा नावापुरता असतो. काही कंपन्यांत २५ आणि २५.५ एकाच कवचात, काहींत २४.५ आणि २५. फरक आतल्या तळव्याचा किंवा अस्तराचा. म्हणून अर्ध्या नंबरावर रात्र जागवू नये, कवच कोणतं ते विचारावं.

पहिली जोडी डायनाफिटची, टीएलटी मालिकेतली. शेडच्या काट्यावर एक बूट किलोच्या आसपास भरला. दुसरी स्कार्पाची गेआ, सव्वा किलोच्या वर. पायातलं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी पट महाग पडतं, कारण ते प्रत्येक पावलाला उचलावं लागतं. भाचीचं मन लगेच हलक्याकडं गेलं. साहजिक आहे. घाट पळणाऱ्या माणसाला ग्रॅम दिसतात.

पण हलक्या जोडीचं टोक बघा म्हटलं. पुढं ओठ नाही. साध्या उताराच्या बुटाला पुढं आणि मागं एक पट्टी बाहेर आलेली असते, तिला बाइंडिंगचा जबडा धरतो. डायनाफिटनं टीएलटी आणि होजी या मालिकांतल्या काही बुटांत पुढचा ओठ कापून टाकला. चालताना पाऊल नैसर्गिक पडतं, वजनही वाचतं. पण त्या बुटाला फक्त पिन बाइंडिंग चालतं. ओठाला पकडणारं कुठलंही बाइंडिंग, आणि पुढून तारेनं अडकणारा क्रॅम्पॉनही, त्यावर बसत नाही. हा बूट घेतला की बाइंडिंगचे अर्धे पर्याय त्याच क्षणी संपतात. खोक्यावर मोठ्या अक्षरात हे लिहिलेलं नसतं.

साडेअकरा

शाफ्टच्या एका लॉटमध्ये माल कडक लागला, टूल जळायला लागलं. वेग कमी केला. तासभर बूट विसरलो.

एक

डबे सुटले. म्युनिकला सकाळचे साडेआठ वाजले होते, पुतण्याला फोन लावला. बाइंडिंग तो जानेवारीत स्वतः आणणार आहे.

"काका, शिफ्ट घेऊ का? इथं सगळे तेच घेतात."

सगळे घेतात त्याला कारण आहे. बाइंडिंगची तीन घराणी. पहिलं फ्रेमचं: साधं उताराचं बाइंडिंग एका चौकटीवर बसवलेलं, चढताना ती अख्खी चौकट टाचेबरोबर उचलायची. साधे बूट चालतात, म्हणून नवशिक्याला स्वस्त पडतं. पण पावलागणिक लोखंड उचलून मांड्या संपतात. दुसरं पिनचं. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलनं हे १९८० च्या दशकात काढलं, पुढं डायनाफिटनं बाजारात आणलं. चौकटच नाही. बूट स्वतःच चौकट, पुढच्या दोन पिनांवर फिरतो, टाच मोकळी. माझ्या मते डोंगरी सामानात गेल्या अर्धशतकात याच्याइतकं स्वच्छ यांत्रिक डोकं दुसरं चाललेलं नाही. तिसरं घराणं मिश्र. सॅलोमन-अॅटोमिकचं शिफ्ट २०१८ मध्ये आलं: चढताना पिना, उतरताना पुढचा भाग बदलून बुटाच्या ओठाला धरतो आणि साध्या बाइंडिंगसारखा सुटतो.

सुटणं. इथं माझ्यातला लेथवाला जागा होतो. बाइंडिंगचं खरं काम धरणं नाही, ठरलेल्या जोरावर सोडणं आहे. आपल्या मशिनांवरच्या टॉर्क लिमिटरसारखं. पडताना स्की पाय पिरगाळते, तेव्हा नडगी मोडायच्या आधी किंवा गुडघ्याचा दोर तुटायच्या आधी बूट निसटला पाहिजे. उलट, साध्या धक्क्याला तो निसटून चालत नाही, कारण कड्याच्या तोंडाशी स्की गेली तर माणूसही जातो. तो जोर स्प्रिंगनं ठरवतात आणि बाइंडिंगवरच्या पट्टीत आकड्यानं दाखवतात. आकडा निघतो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की चालवण्याची पद्धत यांवरून. तळ जितका लांब, तितका स्कीचा पायावर येणारा तरफेचा दांडा लांब, म्हणून आकडा कमी. पन्नाशी ओलांडली की पुन्हा कमी.

भाची साठ किलोच्या आत-बाहेर, मध्यम वेगानं उतरणारी. तक्त्यात तिचा आकडा साधारण साडेचार-पाचला येतो.

"शिफ्टचं तेरा नंबरचं मिळतंय सवलतीत," पुतण्या म्हणाला.

"पट्टी कुठून चालू होते?"

त्यानं बघितलं. "सहा ते तेरा."

झालं की. सर्वांत सैल ठेवलं तरी सहा. पोरगी पडेल, बाइंडिंग तिला धरूनच ठेवेल, आणि प्लॅस्टर घेऊन साताऱ्याला येईल. त्याच शिफ्टचं दहा नंबरचं चारपासून दहापर्यंत आहे. बाइंडिंगवर छापलेला मोठा आकडा ऐपतीचा किंवा मर्दानगीचा नसतो. हलक्या माणसानं, आणि आपल्याकडच्या बहुतेक मुलींनी, पट्टीचं खालचं टोक आधी वाचावं. आपला आकडा पट्टीच्या मध्याकडं पडला तर उत्तम. अगदी टोकाला पडला तर ते बाइंडिंग आपलं नाही.

मग शिफ्ट दहा की पिन? यावर आमचं अर्धा तास चाललं. पुतण्याचं म्हणणं असं की गुलमर्गला गंडोला कोंगडोरीपर्यंत आणि तिथून अफरवटपर्यंत, जवळजवळ चार हजार मीटरवर नेतो, मग चढाई थोडीच राहते आणि उतार जास्त, शिफ्ट बरं. त्यात तथ्य आहे. पण भाचीला गंडोलाची रांग सोडून जंगलातून चढायचंय, आणि पुढच्या वर्षी मनालीकडं, जिथं बहुतेक ठिकाणी वर नेणारं कुणी नाही. तिथं दर पावलाला उचलायचं वजन बोलतं.

पिन बाइंडिंगची खोट मी तिच्यापासून लपवली नाही. जुन्या पद्धतीच्या पिनमध्ये बाजूला सुटायचं काम टाचेकडचा भाग करतो, चवडा नाही. नडगी पिरगळली तर तो ठीक वागतो, काही तऱ्हेच्या पडण्यात तितका नाही. फ्रिट्शीच्या व्हायपेक आणि टेक्टनमध्ये चवड्यालाही बाजूची सुटका आहे, पण त्यांच्या बारा नंबरच्या पट्ट्या पाचपासून सुरू होतात. भाची बरोबर उंबऱ्यावर. डायनाफिटच्या एसटी रोटेशनमध्ये पुढचा तुकडा थोडा फिरून परत मध्याला येतो, आणि दहा नंबरची पट्टी चारपासून आहे. जर्मनीतल्या टीयूव्हीनं टूरिंग बाइंडिंगच्या आयएसओ १३९९२ मानकाप्रमाणं तपासलेलं. ब्रेक असलेलं. हे घे म्हटलं.

"आणि वजन अजून कमी असलेली, ब्रेक नसलेली?"

"ती शर्यतवाल्यांची. हिला नको."

फोन ठेवताना भाचीला एक गोष्ट दोनदा सांगितली. चढताना पिनचा चवडा कुलूपबंद करतात, नाहीतर तिरक्या उतारावर स्की सुटते. पण कुलूप असताना तो काही केल्या सुटत नाही. हिमकडा सुटला तर पायाला बांधलेली स्की माणसाला खाली ओढते. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये खिलनमर्गकडं एक रशियन. धोक्याचा उतार एकेकट्यानं ओलांडायचा. बीकन, फावडं आणि प्रोब या तीन वस्तू नसतील तर बाइंडिंगची चर्चा इथंच बंद. ती मान हलवत होती, मी पुन्हा म्हणवून घेतलं.

तीन

मिस्त्रींना बाइंडिंग बसवायचा किडा चावला. "आपल्याकडं ड्रिल आहे, जिग बनवू, येऊ दे इथं." माझेही हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू. काम तसं आपल्या ओळखीचं: लाकडी गाभ्याच्या स्कीला ३.५ मिलिमीटरचं भोक, धातूचा थर असेल तर ४.१ आणि वर टॅप. खोली नऊच, कारण त्याहून खोल गेलं तर बिट तळातून बाहेर डोकावू शकतो. भोकाची कड काउंटरसिंकनं मोडायची, पाणी शिरू नये म्हणून गोंद, मग स्क्रू. बुटाच्या तळावरची मधली खूण स्कीवरच्या खुणेला जुळवायची. टाचेकडच्या तुकड्यात आणि बुटात किती फट ठेवायची ते बाइंडिंगवर अवलंबून. काहींत चार ते सहा मिलिमीटर, काहींत अजिबात नाही.

एवढं सगळं जमेल. पण बसवल्यावर बूट खरोखर किती जोरावर सुटतो, हे तपासायचं यंत्र माझ्याकडं नाही. स्प्रिंगच्या पट्टीवरचा आकडा हा अंदाज असतो. यंत्रावर घातल्यावर तो खरा ठरतो. दोन शतांशाची सूट सांभाळणारी शेड गुडघ्याच्या बाबतीत अंदाजावर चालवायची, हे मला पटत नाही. बसवणं म्युनिकच्या दुकानात, तपासणीच्या कागदासह. मिस्त्री थोडे नाराज झाले.

अस्तर गरम करून पायावर बसवायचं काम शेडमधल्या बेअरिंगच्या ओव्हनमध्ये करू, ही त्यांची दुसरी सूचना. तीही फेटाळली.

सहा

दिवसभर उभं राहून भाचीचे पाय तयार झाले. पुन्हा ब्राऊन पेपर. उजवा २५२, रुंदी १०३. सकाळी २४९ होता! बर्फातही दुपारपर्यंत असाच होणार.

एकच पातळ मोजा. दोन मोजे घालून ऊब येते ही समजूत ताईची. आत रक्त फिरायला जागा राहत नाही आणि बोटं जास्तच गारठतात. आधी हलकी जोडी. सरळ उभी असताना बोटं पुढं टेकली, गुडघा पुढं दाबल्यावर मागं सरकली, इथपर्यंत ठीक. वीस मिनिटांनी ती एका पायावर भार देऊन उभी राहायला लागली. "दुखतंय का?" "नाही, जरा..." या 'जरा'वरच लोक पैसे घालवतात. काढून बघितलं, करंगळीच्या मुळाशी लाल पट्टा.

मग गेआ. बकलं हलकेच लावली, चालण्याची कळ मोकळी केली, पोटमाळ्याचा जिना चार वेळा. घोटा पुढं-मागं मोकळा फिरला. कळ बंद करून नडगी पुढं दाबली, कवच वाकलं आणि परत आलं, पण ढासळलं नाही. तिच्या वजनाला एवढा कडकपणा पुरे. टाच उचलून बघितली, आत सुटत नव्हती. टाच हलली की फोड आलाच. मिस्त्री घरी गेले, वॉचमन आला, तरी ती बूट घालून चलनांची फाईल लावत बसली होती. पाऊण तास झाला, लाल पट्टा कुठं नाही. सव्वा किलो तर सव्वा किलो.

रात्री नऊ

गेआच्या टाचेवर उठवलेला तळाच्या लांबीचा आकडा पुतण्याला कळवला. नंबर सांगून भागत नाही. एकाच नंबरच्या दोन कंपन्यांच्या बुटांचे तळ वेगळे असतात, आणि बाइंडिंग तळाच्या लांबीवर बसवतात. सोबत तिचं वजन, उंची, वय. वजन तिनं दोन किलो कमी सांगितलं होतं, ते शेडच्या काट्याप्रमाणं दुरुस्त केलं. हलकी जोडी टेप काढून खोक्यात गेली.

स्की अजून ठरलेली नाही, आणि तोवर ब्रेकची मागणी देता येत नाही. ब्रेक स्कीच्या मधल्या रुंदीपेक्षा थोडासाच मोठा लागतो. गुलमर्गच्या भुसभुशीत बर्फाला शंभर मिलिमीटरच्या आसपासची कंबर बरी. पुण्या-मुंबईत किंवा सातारा-सांगलीत कुणाकडं दीडशे ते एकशे साठ सेंटिमीटरची वापरलेली जोडी पडून असेल तर देण्याआधी दोन गोष्टी तपासून सांगा: कमरेचं माप, आणि आधीच्या बाइंडिंगची भोकं किती आहेत ते.